वाकडे चालेल, कच्चे नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : छंदवर्ग, शालेय प्रदर्शने आणि हस्तकलेतल्या चुका

एप्रिल-मेच्या सुट्टीत बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मातीकाम, कशिदा, वाकळ शिवणे यांचे छंदवर्ग आता बरेच भरू लागले आहेत. दसऱ्याच्या सुट्टीतही भरतात, आणि गणपतीआधी शाडूच्या मूर्तींचे वर्ग असतातच. मुले येतात, त्यांच्या आया येतात, निवृत्त मंडळीही येतात. याचा आनंदच आहे. पण शिकणाऱ्याच्या चुकांचे या वर्गांत जे होते, त्याबद्दल थोडे लिहायचे आहे.

काही वर्गांत चूक दिसूच दिली जात नाही. मुलाचा पेला चाकावर डगमगू लागला की मास्तर पुढे होतात, दोन बोटांत भिंत सरळ करतात, काठ कापून देतात आणि मूल तो पेला 'मी केला' म्हणून घरी नेते. पालक खूश होतात, जाहिरातीला फोटो मिळतो. माती मध्यावर का येत नव्हती, हे मात्र त्या मुलाला कळलेले नसते. दुसरीकडे अलीकडे नवीच हवा आली आहे. हाताने केलेल्या वस्तूत दोष असायचाच, दोषातच सौंदर्य, जपानी लोक बघा तडे सोन्याने कसे भरतात, असे सांगितले जाते. मग तडकलेले, अर्धवट भाजलेले, हाताला माती लागणारे भांडेही 'कलात्मक' ठरून शोकेसमध्ये जाते. आमच्या मते दोन्ही रीतींनी शिकणाऱ्याचे सारखेच नुकसान होते. हाताचा वाकडेपणा खुशाल ठेवावा, कृतीतला कच्चेपणा ठेवू नये. या दोहोंतला फरक प्रत्येक कामात वेगळा असतो, म्हणून थोडे तपशिलात जाणे भाग आहे.

मातीपासून सुरुवात करू, कारण खानापूर म्हटले की माती आलीच. कौलांचे कारखाने, कुंभारांची घरे, खादी ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था, हे सगळे इथे आहे ते इथल्या मातीच्या जोरावर. तरी तालुक्यातली कुठलीही माती उचलून चाकावर टाकली आणि भांडे झाले, असे होत नाही. नवखा माणूस पहिले भांडे फाटले की स्वतःच्या हाताला दोष देतो, आणि पुष्कळदा दोष मातीचा असतो. म्हणून आधी माती तपासावी. मळलेल्या मातीची पेन्सिलीएवढी जाड वळी करा आणि ती बोटाभोवती गुंडाळा. वळी न फाटता वळली तर माती चाकाला चालेल. बाहेरच्या अंगाला आडव्या भेगा पडल्या तर तिच्यात चिकटपणा कमी आहे. मग तिची पणती, फरशी, दाबून केलेली मूर्ती होईल, उभे भांडे ओढता येणार नाही.

दुसरी तपासणी आकसण्याची. 14 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद आणि 1 सेंमी जाड अशी पट्टी करा, तिच्यावर ओलेपणीच बरोबर 10 सेंमीची रेघ ओढा आणि पट्टी सावलीत उलटसुलट करत सुकवा. पूर्ण सुकल्यावर रेघ मोजा. 9.4 सेंमी भरली तर माती सुकताना सहा टक्के आकसली. पाच ते आठ टक्क्यांपर्यंत ठीक. दहाच्या पुढे गेली तर त्या मातीचे भांडे कितीही जपून सुकवले तरी तडकण्याचा धोका आहे. तिच्यात बारीक चाळलेली वाळू किंवा भाजलेल्या खापराचा चुरा दहा ते पंधरा टक्के मिसळावा लागतो. फुटलेली भांडी टाकून देऊ नयेत ती यासाठी. कुटून, चाळून पुढच्या मातीत घातली की तीच पुढच्या भांड्याला तडकण्यापासून वाचवतात.

जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, म्हणजे बैलहोंगल, सौंदत्ती भागातल्या काळ्या मातीबद्दल वेगळे सांगायला हवे. ती हाताला लोण्यासारखी लागते आणि नवख्याला मोहात पाडते. पण ती पाणी फार धरते आणि सुकताना फार आकसते. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्या खड्यांचा कळीचा चुना होतो, भांडे बाहेर आल्यावर तो हवेतला ओलावा ओढून फुगतो, आणि चार-आठ दिवसांनी चांगल्या भाजलेल्या भांड्याच्या अंगावरून टिकलीएवढी, कधी रुपयाएवढी कपची उडते. आत बघितले तर मधोमध पांढरा ठिपका दिसतो. ही 'हाताने केल्याची खूण' नव्हे, माती न चाळल्याची खूण आहे. सुक्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा. फसफसले तर चुना आहे. माती दोन-तीन दिवस भरपूर पाण्यात भिजवून, ढवळून, बारीक चाळणीतून किंवा पातळ सुती कापडातून गाळून घेतली तर मोठे खडे निघतात. फारच फसफसत असेल तर तिचा नाद सोडावा आणि दुसरी माती शोधावी.

आता चाकावर. पहिल्या दिवशी नवख्याला दीड किलोचा गोळा देणारे वर्ग आहेत. त्याला बिचाऱ्याला तो हलतही नाही. 400 ग्रॅमचा गोळा पुरतो. माती मध्यावर न येण्याचे कारण बहुतेक वेळा मनगटात नसते, कोपरात असते. कोपरे हवेत असली की माती हात हलवते. ती मांडीला किंवा बरगडीला घट्ट टेकवली की हात माती बसवतो. मध्यावर आणताना चाक वेगात हवे, भिंत ओढताना, म्हणजे माती बोटांत धरून वर चढवताना, निम्म्याने कमी. पाणी घसरणीपुरतेच. पाणी जास्त झाले की माती आतून मऊ पडते आणि चौथ्या-पाचव्या ओढीला भिंत बसते. भांड्याच्या तळाशी साचलेले पाणी प्रत्येक ओढीनंतर स्पंजाने टिपावे. तळ सहा ते आठ मिमी जाड ठेवावा आणि बोटाने किंवा लाकडी पट्टीने मधून काठाकडे, काठाकडून मध्याकडे दोन-तीनदा दाबून घ्यावा. हे दाबणे राहिले की सुकताना किंवा भाजताना तळाला इंग्रजी 'एस' अक्षरासारखा नागमोडी तडा जातो. तो दिसला की कारण शोधायला लांब जायला नको: तळ दाबला नव्हता, किंवा पाणी टिपले नव्हते, किंवा काठ आधी सुकला आणि तळ मागे राहिला.

डावखुऱ्या मुलांना उजव्या हाताने काम करायला लावणारे शिक्षक अजूनही भेटतात, हे नवल आहे. बहुतेक विजेच्या चाकांना उलट्या दिशेने फिरवायचे बटण असते. ते दाबावे.

पहिली भांडी भाजू नयेत, असे आम्ही ठामपणे म्हणू. कच्ची माती पुन्हा भिजवून वापरता येते. भाजली की ती परत माती होत नाही. त्याऐवजी भांडे झाल्याबरोबर दोऱ्याने वरपासून तळापर्यंत उभे चिरा आणि दोन फाकी शेजारी ठेवून बघा. आत काय झाले ते तेव्हाच दिसते. तळाशी भिंत 12 मिमी आणि काठाला 3 मिमी असेल तर खालची माती वर आलेलीच नाही. पहिली ओढ तळातून सुरू न होता मधूनच सुरू झाली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक असेल तर गोळा मध्यावर नव्हता किंवा भोक मध्यावर पडले नाही. मधेच कुठेतरी कागदासारखी पातळ कमर दिसली तर तिथे हात थबकला आणि चाक फिरत राहिले. बाहेरून सुबक दिसणारा पेला आतून कसा असतो, हे एकदा असे पाहिले की शिकणारा स्वतःच्या कामाकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो. एकाच वजनाचे, एकाच उंचीचे साधे सरळ नळकांडे पुन्हा पुन्हा करावे. नक्षी, कान, तोटी काही नको. पहिली पाच-सहा चिरावीत, पुढची ठेवावीत. ठेवलेल्यांपैकी एखादे थोडे कलले असेल, काठ दोन-तीन मिमी वरखाली असेल, बोटांच्या वळ्या दिसत असतील, राहू द्यावे. त्याने पाणी सांडत नाही, भांडे फुटत नाही, आणि कुणाच्या हातचे आहे ते ओळखू येते. टेबलावर डुलणारा पेला मात्र तसाच ठेवू नये. निम्मा सुकून चामड्यासारखा घट्ट झाला की सपाट फळीवर हलकेच आपटला तर तो बसतो. वेळ टळली असेल तर पूर्ण सुकल्यावर पॉलिशपेपरवर तळ घासावा, आणि घासताना नाकातोंडाला धुळीचा चांगला मास्क लावावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

सगळ्यांत जास्त भांडी सुकवताना जातात, आणि आपल्याकडे यात हवामानाचा मोठा वाटा आहे. एप्रिलमध्ये पंख्याखाली ठेवलेल्या पेल्याचा काठ तासाभरात पांढरा पडतो आणि तळ ओलाच असतो. काठ आकसतो, तळ आकसायला तयार नसतो, आणि काठाला उभी चीर जाते. म्हणून उन्हाळ्यात भांड्यांवर प्लास्टिकची पिशवी सैल घालावी, दुसऱ्या दिवशी भांडे पालथे करावे म्हणजे तळाला हवा लागेल, आणि पाच-सहा दिवस घाई करू नये. जून ते सप्टेंबर उलटी अडचण. खानापूरच्या पश्चिमेकडे, कणकुंबी-जांबोटीच्या अंगाला तर पावसाळ्यात भांडे पंधरा दिवसांतही सुकेलच असे नाही. वरून सुके दिसते, पण गालाला लावून बघितले तर गार लागते. गार लागते तोवर आत पाणी आहे. ते भट्टीत घालू नये.

कारण भट्टीत भांडे फुटते ते याच पाण्याने. मातीत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भांडे उडाले, असे वर्गावर्गात सांगतात. बुडबुड्याने भिंत कमजोर होते हे खरे, पण स्फोट करते ती वाफ. पाणी 100 अंशांना उकळते, वाफेला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की ती भिंत फोडते. जाड भांडे फुटते ते जाड आहे म्हणून नव्हे, आत ओले आहे म्हणून. विजेच्या किंवा गॅसच्या भट्टीत पहिल्या 200 अंशांपर्यंत ताशी साठ-सत्तर अंशांपेक्षा वेगाने जाऊ नये आणि 100 च्या आसपास दोन तास थांबावे. पुढे मातीतल्या गारेचे कण 573 अंशांना एकदम फुगतात आणि थंड होताना त्याच ठिकाणी आकसतात. त्या टप्प्यात जाताना आणि येताना, दोन्ही वेळा संथ राहावे. लाल मातीला 900 ते 1000 अंशांची भाजणी लागते. घाईने भट्टीचे दार उघडून गरम भांडी बघायची हौस आवरावी. उघड्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या पारंपरिक भट्टीत, हे आकडे कोणी मोजत नाही, पण जुना कुंभार आधी नुसता धूर देत भांडी तापवतो आणि मग जाळ वाढवतो, त्यात हेच सगळे आले.

आव्यातून निघालेल्या भांड्यावर काळे ढग दिसतात. गवऱ्यांचा धूर लागला, तिथे हवा पोचली नाही, म्हणून. हे राहू द्यावे. त्यासाठी रंग लावून भांडे झाकणे म्हणजे चांगल्या गोष्टीवर पांघरूण घालणे. पाणी पाझरणारे मडके नापास करणारे परीक्षकही असतात. झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नसलेल्या मडक्याने पाझरावेच. ते पाणी अंगावरून उडते म्हणून आतले पाणी गार होते. पण भांड्यावर बोटाच्या पेराने टकटक करून बघावे. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तडा आहे किंवा भाजणी अपुरी आहे. तडा दिसत नसेल तर त्याच भाजणीतले एखादे खापर रात्रभर पाण्यात ठेवावे. सकाळी पाणी गढूळ झाले, कडा बोटाने निघू लागल्या, तर भांडी अजून कच्ची आहेत आणि त्यांना पुन्हा भट्टी हवी. सोनेरी रेघ मारून ती पक्की होत नाहीत. जपानात तडे जोडतात ते एका झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणाने, वरून सोन्याची पूड देतात, आणि त्याला आठवडे लागतात. इथल्या वर्गात मिळतो तो इपॉक्सी आणि सोनेरी भुकटी. दिसायला छान, पण त्या वाडग्यात आमटी वाढू नये. झिलई द्यायचीच असेल आणि भांड्यात खायचे असेल, तर शिसे नसलेली झिलईच वापरावी. ती कुठली आहे हे सांगता न येणाऱ्या वर्गात मुलांना कप करायला देऊ नये.

शाडूबद्दल दोन वाक्ये. शाडू भाजायचा नसतो, त्यामुळे तिथे तडे बुजवता येतात: सुकलेल्या मूर्तीची चीर थोडी रुंद करून, ओली करून, शाडूत कापसाचे तंतू आणि जरा डिंक घालून भरावी. मूर्तीचा एक डोळा किंचित मोठा झाला तर घरच्या गणपतीला काही बिघडत नाही. मूर्तीचे वजन एका पायावर येऊन ती पुढे झुकली तर मात्र पाटावर टिकणार नाही, म्हणून बैठक आधी आणि दागिने सगळ्यांत शेवटी.

कापडाच्या कामात हिशेब निराळा. वाकळ घ्या. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे चार-पाच थर, आणि त्यांना धावदोरा. यात टाके वाकडे गेले म्हणून उसवत बसणाऱ्या बायका पाहिल्या की वाईट वाटते. वाकळीची ताकद टाका सरळ असण्यात नसते, ओळी जवळजवळ असण्यात असते. दोन ओळींत दीड-दोन सेंमी अंतर आणि टाका सहा ते आठ मिमी, एवढे सांभाळले की ओळ नदीसारखी वळली तरी वाकळ वर्षानुवर्षे टिकते. दोन-चार धुण्यांनंतर कापडाला सुरकुत्या येतात आणि टाके त्यांत बुडून जातात. टाका सव्वा-दीड सेंमीचा झाला तर मात्र उसवा, कारण तो झोपेत पायाच्या बोटात अडकतो आणि तुटतो.

वाकळीतल्या खऱ्या चुका शिवण्याआधीच होतात. नवे कापड जुन्यात न धुता घातले तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि आजूबाजूचे थर ओढून घेते. मग कडेला कितीही नीट शिवलेले असले तरी वाकळ एका कोपऱ्यात गोळा होते. नव्या कापडाची खळ आधी गरम पाण्यात काढावी. सुती थरांत सिंथेटिक साडी घालू नये, ती घसरते आणि आटतही नाही. दुसरी चूक थर घालताना. आपल्याकडे कडेने सुरुवात करून आत येत शिवतात, ती रीत चांगली. पण थर आधी मधून बाहेर हाताने निपटून, कोपऱ्यांवर पाट किंवा वरवंटा ठेवून, वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घातलेले नसतील तर सगळी सैल जागा ढकलली जात मधोमध येते आणि तिथे चुणी बसते. शेवटच्या दोन हातांवर ती दिसते, तेव्हा करायला काही उरलेले नसते. वरून ठिगळाची रंगसंगती कशीही असू दे. थोडे भडक असलेलेच बरे, असे आमचे मत.

कशिद्यात, म्हणजे धारवाडकडच्या कसुतीत, याच्या अगदी उलट. तिथे कापडावर नक्षी छापत नाहीत, कापडाचे धागे मोजून टाका घालतात. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंती हे चार टाके. गवंतीत धावदोरा घालत पुढे जायचे आणि त्याच वाटेने परत येत मोकळ्या जागा भरायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी नक्षी सारखी दिसते आणि गाठ कुठेच नसते. चार धाग्यांऐवजी एका टाक्यात पाच धागे उचलले गेले तर तिथे काही दिसत नाही. पण पुढचा प्रत्येक टाका एका धाग्याने सरकतो आणि गोपुर किंवा तुळशीवृंदावनाची दुसरी बाजू पहिलीला येऊन मिळत नाही. इथे 'असू दे, हाताचे काम आहे' म्हणून भागत नाही. उपाय एवढाच की दर आठ-दहा टाक्यांनी समोरच्या बाजूशी मोजून बघावे, चुकले असेल तर दोरा कापू नये, सुईच्या नाकाकडच्या बाजूने एकेक टाका उलट काढत चुकीपर्यंत जावे. नवख्याने इरकलीवर हात टाकू नये. तिचे धागे बारीक, डोळे थकतात. मॅटी, म्हणजे धागे सहज मोजता येतील असे जाड विणीचे कापड, बोथट टोकाची सुई, सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर आणि हातभर लांबीचा दोरा. त्याहून लांब दोरा घेतला की तो पिळतो आणि गाठी पडतात. कशिद्यातला वाकडेपणा चालतो तो ताणात. एक टाका जरा ओढलेला, एक सैल. काम झाल्यावर उलट्या बाजूने ओले फडके ठेवून इस्त्री फिरवली की बराचसा बसतो. उरलेला कुणी बोटाने चाचपल्याशिवाय कळत नाही.

चपलेचेही तेच. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे आणि त्यांत बेळगाव आहे. अथणी, निपाणीकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. झाडाची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्यावर जनावराच्या अंगावरचा जुना ओरखडा दिसतो, दोन पट्ट्यांच्या रंगात फरक असतो. गिऱ्हाईक तेवढ्यासाठी घासाघीस करते, ते चुकीचे आहे. त्याने बघावे ते डाव्या-उजव्या चपलेचे कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, सारख्या उंचीवर आहेत का, अंगठ्याची वादी तळात घट्ट बसली आहे का, आणि टाचेची वादीची शिवण नखाने उचलते का.

शिक्षकांना आमची विनंती आहे की शिकणाऱ्याच्या मातीला आणि सुईला हात लावू नये. शेजारी आपला गोळा ठेवून दाखवावे, आपल्या फडक्यावर टाका घालून दाखवावा. फार तर त्याचे कोपर धरून मांडीवर टेकवावे. मग वस्तू वाकडी होईल, आणि ती तशीच घरी जाऊ द्यावी. पालकांनीही रात्री बसून मुलाचा प्रकल्प 'जरा नीट' करून देण्याचे थांबवावे. प्रदर्शनातल्या टेबलावर चौथीतल्या मुलाच्या नावाने मांडलेले चाळिशीतल्या हाताचे काम परीक्षकांना ओळखू येते, आणि तरी बक्षीस त्यालाच जाते, हे जास्त वाईट.

शालेय प्रदर्शनाचे नियम ठरवणाऱ्यांनी एक बदल करून बघावा. प्रत्येक मुलाने अखेरच्या वस्तूबरोबर आधीच्या दोन फसलेल्या वस्तू मांडाव्यात: उभा चिरलेला पेला, उसवलेली कसुती, चुणी पडलेली ठिगळाची उशी. खाली एका चिठ्ठीवर काय बिघडले आणि का, हे दोन ओळींत. 'तळ दाबला नाही', 'बाराव्या टाक्याला पाच धागे उचलले', एवढे पुरे. निम्मे गुण या चिठ्ठीला द्यावेत. पालकाच्या हातचे काम या नियमात आपोआप मागे पडते, कारण मुलाला विचारले की उत्तर येत नाही.

आणि येत्या सुट्टीत वर्गात नाव घालण्याआधी पालकांनी चौकशी करावी, ती शेवटी किती वस्तू घरी मिळतील याची नको. माती कुठली, किती अंशांवर भाजता, एका शिक्षकाकडे मुले किती आणि भांडी सुकायला किती दिवस देता, हे विचारावे. पाच दिवसांचा वर्ग आणि सहाव्या दिवशी भाजलेला कप हातात, असे उत्तर पावसाळ्यात मिळाले, तर तो कप त्या मुलाने त्या वर्गात केलेला नाही एवढे समजावे.

आपले,
मातीकाम, कशिदा व शिवणकाम शिकवणारे काही कारागीर
खानापूर-बेळगाव